एका घराला एकच कूपन

दुकानाचं काचेचं दार आलं की ती दोघं एकमेकांची कुणी लागत नसत. बायको आधी आत शिरायची. तिचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करणारा म्हणून लिफ्टवाला, बाहेर बुटाची नाडी बांधत थोडा वेळ काढायचा आणि मग हे दुकान आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय असा चेहरा करून तिच्यामागून जायचा. तो चेहरा त्याला कधी धड जमला नाही. बायको म्हणायची, तुम्ही गिऱ्हाईक कमी आणि भुरटे चोर जास्त दिसता.

या सगळ्याचं मूळ त्या पत्रकात होतं. दर आठवड्याला दाराच्या फटीतून कुणीतरी दुकानाचं पत्रक आत सरकवायचं. त्यात कूपनं असायची आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असायचं: एका घराला एकच कूपन. खालच्या मजल्यावरची शिक्षिका आपलं पत्रक न उघडताच ह्यांना देऊन टाकायची, त्यामुळे घरात कूपनं दोन आणि घर एक. कूपन वाया घालवणं बायकोच्या तत्त्वात बसत नव्हतं. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायच्या टेबलापाशी तिचा उभा जन्म गेला होता, तिथे चिंधीसुद्धा वाया गेलेली कुणी खपवून घेत नसे. तेव्हा तिने एका घराची दोन घरं केली. ती एका रांगेत, तो दुसऱ्या. गल्ल्यावरची मुलगी विचारायची, तुमच्या घरातून आणखी कुणी हे कूपन वापरलं नाही ना? आणि तो सांगायचा, मी एकटाच असतो. नाटकात त्याच्या वाट्याला एवढं एकच वाक्य. बाकी पिशव्या उचलायच्या.

बायकोने मात्र स्वतःला भरपूर संवाद दिले होते. रांगेत गप्प उभं राहणं तिला जमायचंच नाही. पुढच्या-मागच्या बाईला ती आपली सगळी कर्मकहाणी सांगायची, फक्त ती तिची नसायची. कधी तिचा नवरा बोटीवर असायचा आणि सहा-सहा महिने घरी यायचा नाही. कधी तिला चार मुली असायच्या आणि चौघींची चार तऱ्हेची दुखणी. एकदा तर तिने नवऱ्याला चक्क मारून टाकलं. शेजारच्या रांगेत उभं राहून स्वतःच्या शेवटच्या आजाराची हकिगत ऐकताना लिफ्टवाल्याच्या हातून साबण खाली पडला. घरी आल्यावर तो म्हणाला, निदान जिवंत तरी ठेव. त्यावर तिचं म्हणणं असं की जिवंत नवऱ्याच्या बायकोला रांगेत कुणी पुढे जाऊ देत नाही. दोन दिवस तो फुगून बसला. तेव्हापासून तिने दंडकच घातला की दुकानातलं बोलणं दुकानात राहील, घरी त्यावरून तोंड उघडायचं नाही.

त्या दिवशी मात्र त्याचं लक्ष कूपनात नव्हतं. दुपारी मुलाचा फोन येणार होता. मुलगा दुसऱ्या शहरात राहायचा. त्याने मोठं घर घेतलं होतं आणि आईबाबांनी इथलं घर विकून कायमचं तिकडे यावं म्हणून तो किती महिने मागे लागला होता. आता घराला गिऱ्हाईकही मिळालं होतं. आज फोनवर हो म्हटलं की विषय संपला, आणि ते हो लिफ्टवाला म्हणणार होता. बायकोला त्याने विचारलं होतं, नाही असं नाही. तुम्ही म्हणाल तसं, असं ती म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. त्याने ते हो धरलं. नातवासाठी तिचा जीव तुटतो हे त्याला दिसत होतं. शिवाय त्याचं स्वतःचंही इथे मन लागत नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस राहायचा बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, आणि निवृत्त झाल्यापासून खिडकीशी बसून खालच्या गाड्या बघायचा. नातू फोनवर विचारायचा, आजोबा, दोर तुटला तर लिफ्ट खाली पडते का? असं काही विचारणारं इथे आता कुणी उरलं नव्हतं.

तेलाचे दोन डबे घेतले की धुण्याच्या पावडरचं मोठं पाकीट फुकट, असं ह्या आठवड्याचं कूपन होतं. दोघांनी आपापल्या टोपलीत तोच माल भरला आणि गल्ल्याकडे वळली, तर पंचाईत झालेली. एका गल्ल्यावरचं यंत्र बंद पडलं होतं आणि सगळ्यांची मिळून एकच रांग होती. बायकोने त्याच्याकडे अशी काही कोरी नजर टाकली की तो दचकला. तिचा अर्थ, अंतर ठेवा. तेवढ्यात गणवेशातली एक नर्स आली, रात्रपाळी करून निघालेली असावी. लिफ्टवाल्याने तिला मोठ्या अदबीने पुढे जाऊ दिलं. आता बायको, मग नर्स, मग तो.

बायकोने बोलणं सुरू केलं. नर्सने जांभई देत एवढंच म्हटलं होतं की पुढच्या महिन्यात साबणावर सवलत आहे म्हणे. बायको म्हणाली, पुढच्या महिन्यात आम्ही इथे नसू. मुलाकडे चाललोय. कायमचं.

लिफ्टवाल्याने कान टवकारले. हे खरं होतं. खरं बोलणं तिच्या रांगेतल्या रिवाजात बसत नव्हतं.

नर्स म्हणाली, मग मजा आहे तुमची. बायको म्हणाली, माझे मिस्टर घड्याळं दुरुस्त करायचे, आता त्यांचं हृदय अगदी नाजूक झालंय, त्यांना जायचंय. लिफ्टवाल्याने सुटकेचा श्वास सोडला. घड्याळवाला आला म्हणजे गाडी रुळावर आली, आता हिचं नेहमीचं चालू झालं. पण तो श्वास पुरता सुटायच्या आत ती म्हणाली, मला नाही जायचं.

त्याला वाटलं, हे घड्याळवाल्याच्या बायकोचं म्हणणं असेल.

नर्सने विचारलं, सुनेचा जाच आहे का? छे हो, बायको म्हणाली, सून गुणाची आहे, मला जागची उठूच देत नाही. पंधरा दिवस राहून आलो, तर पंधरा दिवस मी सोफ्यावर बसून. त्यांच्याकडे सामान फोनवरून मागवतात, दारात येऊन पडतं. मी एकदा म्हटलं, मी जाऊन बघून आणते, कुठे काय स्वस्त आहे ते. तर सगळे हसले.

"सगळ्यात मोठ्याने हे हसले," ती म्हणाली.

लिफ्टवाल्याला ते जेवण आठवलं. तो हसला होता. चांगला खदखदून, जेवता जेवता, आणि वर मुलाला म्हणाला होता की तुझ्या आईला कात्री आणि कूपन दिलं की जग जिंकल्यासारखं वाटतं. बायकोही तेव्हा हसली होती. निदान त्याला तसं आठवत होतं. आता घड्याळवाला कुठे संपतो आणि आपण कुठे सुरू होतो, याचा त्याला काही केल्या पत्ता लागेना. हृदय खोटं, हसणं खरं, सोफा खरा, मग ‘मला नाही जायचं’ हे कशात धरायचं? की ती हे मुद्दाम त्याला ऐकवत होती? की त्याला खरोखरच विसरली होती? रांग एक पाऊल पुढे सरकली, तोही सरकला.

न राहवून त्याने तोंड उघडलं. नाटकात त्याला हे वाक्य नव्हतं.

"ताई, हे तुमच्या मिस्टरांना सांगितलंत का?"

बायको वळली. चेहऱ्यावर ओळखीची एक रेघ नाही. "नाही हो काका," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं तर ते जायचे नाहीत. मग दिवसभर त्या खिडकीशी बसून राहतील. ते मला बघवत नाही."

"पण नातवाची ओढ असेल ना तुम्हाला?"

"आहे की. तर मी भेटायला जाईन."

काका. लग्नाच्या बायकोने भर दुकानात काका म्हटल्याचं त्याला काही वाटायला नको होतं, तो नियमच होता. पण ती खिडकी घड्याळवाल्याची नव्हती. ती चौथ्या मजल्यावरची होती आणि तिच्यासमोरच्या खुर्चीत तो स्वतः बसायचा. त्याला आजवर वाटायचं की तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

बायकोचा नंबर आला. मुलीने नेहमीचं विचारलं, बायकोने नेहमीचं उत्तर दिलं, पावडरचं फुकट पाकीट मिळालं आणि ती पलीकडच्या फळीवर पिशवी भरायला लागली. नर्सचंही झालं, ती तिथेच पाकिटात सुटे पैसे भरत उभी राहिली. मग लिफ्टवाल्याचे डबे यंत्रासमोरून गेले. मुलगी म्हणाली, काका, तुमच्या घरातून आणखी कुणी हे कूपन वापरलं नाही ना?

मी एकटाच असतो, एवढंच म्हणायचं होतं. शेकडो वेळा म्हटलेलं वाक्य, पण त्या दिवशी ते घशातून वर येईना.

"वापरलंय," तो म्हणाला. "त्या पिशवी भरतायत ना, ती माझी बायको."

मुलीने तिकडे पाहिलं. बायकोने सवयीने, मान वर न करता सांगून टाकलं, "मी नाही बाई ओळखत ह्यांना."

आता नर्स मध्ये पडली. ती थकलेली होती पण कर्तव्याला चुकणारी नव्हती. तिने मुलीला सांगितलं की ह्या ताईंचे मिस्टर घड्याळं दुरुस्त करतात आणि हृदयाच्या दुखण्याने घरी असतात, हे काका मघापासून उगाच बोलण्यात तोंड घालतायत. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, वयाचा तरी विचार करावा माणसाने. लिफ्टवाल्याचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, घड्याळं नाही, लिफ्ट, आणि माझं हृदय ठणठणीत आहे. हे त्याने इतक्या मोठ्याने सांगितलं की कुणाचा विश्वास बसायचा तोही बसेना. दुकानाच्या मालकाला बोलवायची भाषा सुरू झाली.

बायकोने पिशवी खाली ठेवली. ती त्याच्याजवळ आली, त्याच्या शर्टाची दुमडलेली कॉलर तिने सरळ केली आणि म्हणाली, "अहो, चला आता घरी." कॉलर सरळ करण्याच्या त्या पद्धतीवरून मुलीला काय ते कळलं. नर्सलाही कळलं असावं, पण तिचा चेहरा आणखीच गोंधळला आणि ती जिवंत-मेल्या सगळ्या नवऱ्यांना मागे टाकून बाहेर पडली. त्याच्या पावडरचे पैसे पडले ते पडलेच, बायकोचं कूपनही मुलीने हसत हसत रद्द करून तिच्या पाकिटाचे पैसे लावले.

घरी येताना बायको फक्त पावडरबद्दल बोलली. दोन-दोन पाकिटं, तीही पुऱ्या किमतीत, आणि तीही असली पाणचट पावडर. आता त्या दुकानात कोणत्या तोंडाने जायचं. इतकी वर्षं निभावलं आणि आजच काय झालं तुम्हाला? लिफ्टवाला दोन्ही हातांत ओझं घेऊन ऐकत होता. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला. दंडक मोडतोय हे त्याला कळत होतं, पण एक मोडल्यावर दुसऱ्याचं काय एवढं.

"खरं सांग. तुला जायचं नाहीये?"

"मी त्या बाईशी बोलत होते."

"मी मागेच उभा होतो."

"ते मला ठाऊक होतं," ती म्हणाली आणि पुढच्या पायऱ्या चढायला लागली. मग वरूनच, पाठमोरी, तिने विचारलं, "तुम्हाला जायचंय?"

त्याला पटकन हो म्हणता आलं असतं. नातू होता, लिफ्ट होती, बोलायला माणसं होती. पण तिकडच्या दिवाणखान्यात सोफ्यावर हात मांडीवर ठेवून बसलेली बायको त्याच्या डोळ्यांपुढून हलेना, आणि तिच्याशेजारी मोठ्याने हसणारा माणूसही. त्याला ती दोघंही आवडली नाहीत. मला काही समजत नाहीये, असं तो म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

दार उघडलं तेव्हा आत फोन वाजत होता. लिफ्टवाल्याने तो उचलला, मुलाचं ‘बाबा, मग काय ठरलं’ ऐकलं, आणि फोन बायकोच्या हातात दिला. असं त्याने कधी केलं नव्हतं.

"अरे, आम्ही नाही येत," ती म्हणाली. "तुझ्या बाबांचा पाय निघत नाही रे इथून. मी किती समजावलं."

पलीकडून मुलगा बरंच काही बोलला. तिने सगळं ऐकून घेतलं, तिचे डोळे भरून आले होते, आणि मग फोन पुन्हा त्याच्यापुढे धरला. त्यांना स्वतः सांगू दे म्हणतोय, असं ती म्हणाली.

त्याने फोन कानाला लावला. मुलगा विचारत होता, बाबा, आई म्हणतेय ते खरं आहे का? नातवाचा आवाज मागून येत होता, आजोबा कधी येणार म्हणून.

"हो रे," लिफ्टवाला म्हणाला. "मलाच नको वाटतंय. आईचं तर कधीपासून सामान बांधून तयार आहे."