नासपतीचा चहा

माझ्या सासूबाईंनी वाइनच्या ग्लासात नाक घातलं तेव्हा मी खुर्चीवरून पडायचीच काय ती बाकी होते.

या बाई मुंबईहून फ्रँकफर्टला येताना शेजारच्याने बिअर मागवली म्हणून विमानात जागा बदलून घेतात. आमच्या घरी आल्या आल्या स्वयंपाकघरातला एक कप्पा धुऊन-पुसून वेगळा करतात, कारण मार्गशीर्ष लागणार असतो. आणि नाताळाआधीच्या शेवटच्या, ॲडव्हेंटच्या रविवारी, भर दुपारी, त्यांच्यापुढे पाच ग्लास मांडून त्यांचाच मुलगा म्हणतो, "आई, जीभ लावू नकोस. नुसतं नाक लाव." आणि त्या लावतात!

"अहो आई!" मी ओरडलेच.

"अगं, वास घ्यायला काय होतंय?" त्या म्हणाल्या. "वास काय, रस्त्याने जातानासुद्धा येतो."

मला राग पटकन येतो. तेव्हाही आला, आणि तो हृषिकेशचा आला. मुळात हा सगळा घोळ माझ्या नवऱ्यानेच घालून ठेवला होता. नाताळचा दुसरा दिवस, सव्वीस डिसेंबर, इथे सुट्टीचा. म्हणून त्याने ऑफिसमधले साहेब हेर ब्रांट आणि त्यांच्या बायकोला जेवायला बोलावलं. पण यंदा तोच मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, सासूबाईंच्या व्रताच्या उद्यापनाचा, हे त्याच्या गावीही नव्हतं. मी कॅलेंडर दाखवलं तर म्हणतो, "मग काय झालं? एकाच स्वयंपाकात दोन्ही सण! कोथिंबीरवडी, मसालेभात, कटाची आमटी, पुरणपोळी. प्रत्येक पदार्थाबरोबर एक वाइन. ब्रांट वेडा होईल."

जानेवारीत त्याच्या टीममधली काही माणसं कमी होणार होती. त्यामुळे ब्रांट वेडा होणं गरजेचं होतं, आणि सासूबाईंचं उद्यापन बाटणार नाही हेही तितकंच गरजेचं होतं. या दोन्हींच्या मध्ये मी.

मला वाटलं सासूबाई घर डोक्यावर घेतील. त्यांनी एवढंच विचारलं, "नैवेद्य आधी ना?"

"आधी," हृषिकेश म्हणाला.

"मग नंतर पाहुण्यांनी काय प्यायचं ते पाहुण्यांनी बघावं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आमच्या लग्नात बँडवाल्यांच्या तोंडाला वास येतो म्हणून याच बाईंनी वरात थांबवली होती.

हृषिकेशला वाइनचं वेड लागलं ते माझं नाक गेल्यानंतर. म्हणजे नाक जागेवर आहे, वास गेला. तीन वर्षांपूर्वी कोविड झाला, ताप उतरला, चव थोडीफार परत आली, वास काही आला नाही. फोडणी करपली तरी धूर दिसेपर्यंत मला पत्ता नसतो. दूध नासलंय का, अन्वीच्या पोहायच्या पिशवीत ओला टॉवेल कुबट झालाय का, सगळं हृषिकेश सांगायचा. "आता या घराचं नाक मी," असं तो आल्यागेल्याला हसत सांगायचा आणि मलाही ते ऐकून बरं वाटायचं. मग त्याने वाइनचे कोर्स केले, शनिवार-रविवार ऱ्हाइनकाठच्या मळ्यांतून बाटल्या आणल्या. ग्लास फिरवत मला सांगायचा, यात जर्दाळू आहे, यात ओला दगड आहे. ओल्या दगडासाठी कोणी एवढा खर्च करतं का, असं मनात यायचं. पण मी मान डोलवायचे. मला सगळं सारखंच होतं.

बाकी नवरा म्हणून कौतुकाचा. अकरा वर्षांच्या अन्वीला शाळेआधी पोहायला सोडायचं काम त्याचंच. मला इथलं लायसन्स नाही. दोनदा परीक्षेत नापास झाले आणि नाद सोडून दिला. पहाटेच्या अंधारात गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडून, थर्मास भरून हा माणूस लेकीला घेऊन निघतो, हे मी माझ्या आईला फोनवर किती वेळा सांगितलं असेल!

तर त्या रविवारी रंगीत तालीम होती. टेबलावर चारही पदार्थांच्या वाट्या, त्यांच्यामागे ग्लास. शिवाय एक उंच चिनीमातीचं भांडं. "जाणकार माणूस पीत नाही, तोंडात घोळवून यात थुंकतो," हृषिकेशने समजावलं.

"शी! अन्नाशेजारी?" सासूबाई म्हणाल्या. मग ते भांडं खिडकीच्या कट्ट्यावर गेलं.

सासूबाईंना पुढे बसवायची कल्पना त्याचीच. त्याला आईच्या नाकाचा भारी अभिमान. नैवेद्य दाखवायच्या आधी स्वयंपाक चाखायचा नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. त्यामुळे आमटीत मीठ कमी की जास्त, हे त्या वाफेवरून सांगतात. कधी चुकलेल्या मला आठवत नाहीत.

पहिल्या ग्लासावर त्या वाकल्या. "हे आंबट आहे. लिंबासारखं. वडीबरोबर द्या."

"रीसलिंग!" हृषिकेशने टाळी वाजवली आणि एक घोट घेतला. "परफेक्ट!"

दुसरा लाल होता. "याला जळक्या लाकडाचा वास येतो. भाताबरोबर जाईल, भातात लवंग-दालचिनी आहे." तिसरा गोड होता, तो हृषिकेशने पुरणपोळीसाठी ठेवला होता. सासूबाईंनी मान हलवली. "गोडावर गोड कशाला? हा तिखट आमटीबरोबर दे. पोळीला तो चौथा दे, त्यात सुकामेवा आहे."

मी थक्क झाले. सोफ्यावर फोनमध्ये डोकं घातलेली अन्वीसुद्धा हसली. हृषिकेश तर हवेत होता. प्रत्येक ग्लास तो आईनंतर उचलायचा, वास घ्यायचा, घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "गेनाऊ! अगदी बरोब्बर! आई, तू इथे दुकान काढ." इतक्या दिवसांत त्याला एवढं खूश मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, निभावणार. गुरुवार छान पार पडणार. सासूबाईंचा रागही नाही, ब्रांटही खूश.

पाचवा ग्लास छोटा होता. त्यात पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी.

"ही वाइन नाही," हृषिकेश म्हणाला. "नासपतीची ब्रँडी. जेवणानंतर एक एक घोट, पचायला. आई, हे राहू दे, फार कडक आहे."

पण सासूबाईंना आता रंग चढला होता. त्यांनी ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि हसून खाली ठेवला.

"हा कशाला दाखवतोस? हा रोजचाच की! तुझ्या थर्मासातला."

मी हसले. खरंच हसले. मला वाटलं त्या गंमत करताहेत.

"कुठला थर्मास, आई?"

"अगं, सकाळचा. अन्वीला सोडायला जाताना नेतो तो. तुमच्या त्या यंत्रात धुतलेली भांडी मला पटत नाहीत, म्हणून मीच नाही का घासून ठेवत? पहिल्या दिवशी वाटलं, इथला कसला काढा असेल." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "घशाचं औषध आहे ना रे?"

हृषिकेश टेबलावरचे ग्लास सरळ रांगेत लावायला लागला.

आणि सोफ्यावरून अन्वी, फोनमधून मान वरही न करता, म्हणाली, "नाइन, ओमा. दास इस्ट पापास बिर्नेनटे." नाही आजी, तो बाबाचा नासपतीचा चहा आहे. सगळ्या गाडीला त्याचाच वास येतो, असंही तिने जर्मनमध्येच पुढे सांगितलं. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. त्यात तिला काही वेगळं वाटतच नव्हतं.

मी टेबलाची कड धरली. समोर वडीची वाटी होती, तिच्याकडे बघत राहिले. मला एकच दिसत होतं, पहाटेची काळी वाट, गाडीचे दिवे आणि शेजारच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन पेंगणारी माझी मुलगी. तिच्या बाजूला तो, थर्मासचं झाकण उघडणारा. आणि मी खिडकीतून हात हलवणारी.

मग माझी नजर कट्ट्यावरच्या त्या चिनीमातीच्या भांड्यावर गेली. मी उठून आत पाहिलं. ते कोरडं होतं. दुपारभरात तो एकदाही थुंकला नव्हता आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नीलिमा, हे बघ, तसं काही नाहीये. थंडी असते, झोप झालेली नसते. एक घोट."

"गाडीत? अन्वी शेजारी असताना?"

"कधी काही झालंय का? तूच सांग. तुला कधी काही जाणवलं का?"

हे तो मला विचारत होता. मला! माझ्या अंगाला अशी आग लागली की समोरचे पाचही ग्लास भिरकावून द्यावेत असं वाटलं. तीन वर्षं हा माणूस माझ्या शेजारी झोपतो, सकाळी गालाला गाल लावून जातो. घराचं नाक म्हणे! त्याला बिननाकाची बायको आयती मिळाली होती.

सासूबाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. मग त्यांनी तो छोटा ग्लास लांब सरकवला आणि बोटं पदराला पुसली. पुन्हा पुन्हा पुसली.

"औषध नव्हतं?" त्या म्हणाल्या. "अरे, मी तो थर्मास रोज स्वच्छ घासून परत तुझ्या हातात देत होते."

तेवढ्यात हृषिकेश ताडकन उठला. "अन्वी, जॅकेट घाल. पोहण्याच्या क्लबच्या नाताळ पार्टीला उशीर होतोय." त्याने दाराजवळच्या खुंटीवरून गाडीची किल्ली काढली, जणू मधलं काही घडलंच नव्हतं. अन्वी उठली, जॅकेट घालायला लागली. तिला सवय होती ना, बाबा म्हणाला की निघायचं. ते बघून मी आणखीच हादरले.

मी दारात उभी राहिले. "किल्ली दे."

"तमाशा नको, नीलिमा. आई समोर आहे."

"आई समोर आहेत म्हणून तर मला कळलं. किल्ली दे."

त्याने माझ्या हातात दिली नाही. टेबलावर, वाट्यांच्या मध्ये ठेवली. मी ती पर्समध्ये टाकली आणि अन्वीला घेऊन यू-बानने, इथल्या मेट्रोने, गेले. वाटेत तिने एकदाच विचारलं, पापाने काय केलंय? मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते. क्लबच्या हॉलमध्ये सगळ्यांना कुकीज वाटत होते, आणि मी त्या आयांमध्ये हसरा चेहरा करून उभी होते. मला अजून नवल वाटतं, कशी उभी राहिले.

परत आलो तर सिंकशेजारी फडक्यावर रिकाम्या बाटल्या उलट्या घालून ठेवल्या होत्या. सासूबाईंचे केस ओले होते आणि अंगावर दुसरं पातळ होतं. हृषिकेश फ्रिजला टेकून खाली फरशीवर बसला होता.

"मी ओतल्या," सासूबाई म्हणाल्या. "मग आंघोळ केली. पाच इथल्या होत्या, दोन त्याने काढून दिल्या. एक तळघरातली, एक त्याच्या टेबलातली."

"ब्रांटला काय सांगायचं?" हृषिकेश खाली बघत म्हणाला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईच बोलल्या. "येऊ देत त्यांना. ताक देईन." मग माझ्याकडे वळल्या. "मी फेब्रुवारीपर्यंत आहे. रोज सकाळी घराबाहेर पडायच्या आधी त्याला माझ्यासमोर उभा कर. मी सांगेन."

"आणि फेब्रुवारीनंतर?" मी म्हटलं. मला त्यांना दुखवायचं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं. त्यांनी ओल्या केसांची गाठ सोडली आणि पुन्हा मारली.

अन्वी अजून दारातच होती, एक बूट काढलेला, एक पायात. घरात आम्ही मराठीत बोलतो आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते, हे इतकं ठरून गेलंय की मी कधीच तिच्या मागे लागायचं सोडलं होतं.

"मी घेईन वास," ती म्हणाली. मराठीत. "आजी गेल्यावर. मला तो वास माहितीये."

मी तिच्याजवळ गेले आणि तिला घट्ट धरलं. "नाही. तू नाही. हे तुझं काम नाही. तू फक्त पोहायचं. उद्यापासून आपण बसने जाणार, मी येणार तुझ्याबरोबर."

मागून हृषिकेशचा आवाज आला. तो रडत होता. त्याला रडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"अजून एक आहे," तो म्हणाला.

"कुठे?"

सासूबाई त्याच्याजवळ फरशीवर बसल्या, तेव्हा कुठे बोलला. "गाडीच्या डिकीत. तिची पोहायची जुनी पिशवी आहे ना, निळी. तिच्यात, टॉवेलच्या खाली."

मी किल्ली घेऊन एकटीच खाली गेले. डिकी उघडली. ती निळी पिशवी मी स्वतः कितीदा उचलून बाजूला ठेवली होती. चेन ओढली, टॉवेल बाजूला केला. बाटली अर्धी होती आणि तिचं झाकण नीट लागलेलं नव्हतं. टॉवेल ओला झाला होता. मी तो तोंडाशी नेला आणि छातीत मावेल तेवढा श्वास आत ओढला. मला कसलाही वास आला नाही.