वाढणारा हात

न्यूझीलंडहून केल हॅलोरन फ्रान्समधल्या आमच्या पेरिलॅक गावच्या रग्बी संघात आला तो त्र्याऐंशीच्या सप्टेंबरात. सव्वासहा फूट उंची, रेड्यासारखी मान आणि फ्रेंचचे जेमतेम वीस शब्द. मी तेव्हा संघाच्या पोरांना मालीश करायचे, जखमा बांधायचे. लग्नाआधी सहा वर्षं इंग्लंडात, लीड्सच्या इस्पितळात नर्स म्हणून काढलेली, म्हणून त्याचं बोलणं समजणारी गावात मी एकटीच. माझा भाऊ सेव्हरां संघाचा कप्तान.

पहिल्या दिवशी केल कपडे बदलायच्या खोलीत शिरला, कोणाकडे न बघता कोपऱ्यात गेला आणि बूट चढवू लागला. आत एकोणीस माणसं होती. आमच्यात आत येणाऱ्याने एकेकाशी हात मिळवायचा. हात चिखलाचा असला तर मनगट पुढे करायचं, पण करायचंच.

"हा आंधळा आहे का गं, ओडील?" सेव्हरांने विचारलं.

"लाजत असेल रे."

"लाजतो? काल क्लबच्या अध्यक्षांच्या म्हाताऱ्या आईला 'ए, तू' म्हणाला, तेव्हा कुठे गेली होती लाज?"

मी केलला बाजूला घेऊन समजावलं. तो हसला. "मी इथे खेळायला आलोय. सासरी नाही आलो."

दोन महिने तो असाच वागला. खेळायचा मात्र राक्षसासारखा.

नोव्हेंबरात कास्तेराकशी सामना होता, त्यांच्या गावात. त्यांच्या आघाडीला गॅस्तों देलप्राट, धंद्याने खाटीक. पहिल्याच स्क्रममध्ये, दोन्हीकडचे गडी वाकून एकमेकांना रेटतात तेव्हा, डोकी एकमेकांत अडकली आणि देलप्राटने कपाळ केलच्या तोंडावर हाणलं. कच्चा नारळ फोडावा तसा आवाज मला मैदानाच्या कडेला ऐकू आला. केल खाली पडला. त्यांचे चौघे त्याच्यावर तुटून पडले. बुटांचे खिळे पाठीवर, बरगड्यांवर, कानावर. आमचा एक गडी पडला की बाकीचे चौदा धावतात, ही आमची रीत. त्या दिवशी कोणी हललं नाही. सेव्हरां कंबरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत राहिला.

पंचांनी शिट्टी फुंकून फुंकून त्यांना पांगवलं. मी बादली घेऊन धावले. दोन दात चिखलात, भुवई हाडापर्यंत उकललेली.

"ते का आले नाहीत?" केल रक्त थुंकत म्हणाला.

"तू कोणाचा आहेस हेच त्यांना माहीत नाही."

डॉक्टरांनी मैदानाच्या कडेलाच, भूल न देता पाच टाके घातले. केल परत खेळायला गेला. आम्ही हरलो.

सामना झाला की यजमानांनी पाहुण्यांना जेवू घालायचं. सात वाजता लांबलचक टेबलं मांडली होती. मी बायकांमध्ये, दुसऱ्या टोकाला. देलप्राटने भाजलेलं बदक स्वतः कापलं, मुद्दाम केलशेजारी येऊन बसला, मांडीचा सगळ्यात चांगला तुकडा त्याच्या ताटात ठेवला, पेला भरून त्याच्या हातात दिला.

"खा रे पोरा! आज मार झकास खाल्लास, आता बदक खा." त्याने केलची पाठ थोपटली.

सगळे हसले. केलला फक्त हसू कळलं, आणि ठणकणारी पाठ. तो उठला आणि हातातल्या पेल्यासकट देलप्राटच्या तोंडावर ठोसा मारला. काच डाव्या डोळ्यात फुटली.

देलप्राट ओरडला नाही. दोन्ही हात डोळ्यावर दाबून तो मेजावर वाकला आणि पांढरं कापड लाल होत गेलं. केल मुठी आवळून उभा होता. कास्तेराकचे लोक अंगावर येतील याची वाट बघत. कोणी आलं नाही. अख्खं दालन त्याच्याकडे नुसतं बघत होतं.

उठला तो माझा भाऊ. त्याने केलची कॉलर धरली, अंगणात ओढत नेलं आणि मारायला सुरुवात केली.

"सांग त्याला, ओडील! मैदानावर दात पाडले ते मैदानावरचं!" एक ठोसा. "हा माणूस तुला वाढत होता!" दुसरा. "वाढणाऱ्या हाताला मारतोस?"

मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते आणि माझा भाऊ मारत होता. पहिल्या वाक्याला केलने हात उचलले. तिसरं ऐकलं आणि खाली सोडले. त्यानंतर तो नुसता उभा राहून मार खात राहिला. टाके उसवले, नाक मोडलं. शेवटी मीच सेव्हरांच्या दंडाला लोंबकळले.

देलप्राटचा डोळा गेला. पोलीस आले तर म्हणाला, "पाय घसरला, पेल्यावर पडलो." पन्नास जणांनी तेच सांगितलं.

दोन आठवड्यांनी केल माझ्यासोबत देलप्राटच्या दुकानात गेला. देलप्राट डोळ्यावर पट्टी बांधून फासळ्या तोडत होता. एका डोळ्याने अंदाज चुकत होता. सत्तूर वेडावाकडा पडत होता, अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. केलने घोकलेलं वाक्य म्हटलं, "मस्यू, मी तुमचा अपराधी आहे." देलप्राटची बायको मारिनेत गल्ल्यामागून आली आणि तिने फाडकन केलच्या मोडक्या नाकावर चापट मारली. रक्त आलं. केलने पुसलंसुद्धा नाही.

"पुरे," देलप्राट म्हणाला. "हाडं तोडता येतात का तुम्हाला?"

त्या हिवाळ्यात केल दर सोमवारी तिथे हाडं तोडायला जायचा. आता खोलीत आला की सगळ्यांशी हात मिळवायचा, आणि मार्चमध्ये परतीच्या सामन्यात कास्तेराकवाल्यांनी त्याला पाडलं तेव्हा आमचे चौदाही धावले. त्यात सेव्हरांच्या दोन बरगड्या मोडल्या.

देलप्राट त्याच्याशी अदबीने वागायचा, परक्या माणसासारखं 'तुम्ही' म्हणून. कॉफी विचारायचा, तब्येत विचारायचा. पण जेवायला कधी थांबवलं नाही. केल मला एकदा म्हणाला, "त्याने शिव्या दिल्या तर बरं वाटेल."

जूनमध्ये केल गेला. स्टेशनवर सेव्हरांने त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. देलप्राट आला नाही. एका डोळ्याने सत्तूर चालवणं जमेना, म्हणून शरदात त्याने दुकान पुतण्याच्या हवाली केलं. मी मुद्दाम कास्तेराकला मटण आणायला जायचे तेव्हा तो बाकावर बसलेला असायचा.

"त्या साहेबांचं काही कळतं का हो?" तो विचारायचा.

"बरे आहेत," मी म्हणायचे. केलची दोन पत्रं माझ्याकडे आली होती, देलप्राटला वाचून दाखवायला. मारिनेत गल्ल्यामागून माझ्याकडे बघत असायची. पिशवीतून ती पत्रं बाहेर काढायचं धाडस मला झालं नाही.