‘म्हणून’ला घंटी नाही

“हँडल फिरवणारीने अर्थ विचारायचा नाही.” हा नियम भिंतीवर कुठेही लिहिलेला नव्हता. तरी विभागात आलेल्या प्रत्येक मुलीला तो पहिल्याच दिवशी ऐकवला जायचा, आणि तिच्यासोबत मलाही.

मी आकडेमोडीचं जुनं यंत्र. आत पितळी चाकं, वर काळा पत्रा, उजव्या कुशीला हँडल. हिशेब करणाऱ्या मुलींना आणि मला इथे एकच नाव होतं, गणकी. “गणकीला सांगा,” असं कोणी म्हटलं, तर आम्हा दोघींपैकी कोणाला, हे कळायचं नाही. तेव्हापासून मी स्वतःला बाईच समजते.

जन्म माझा जर्मनीतला, पण हयात गेली इंग्लंडात, लँकेशायरमधल्या एका गिरणगावात, कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात. आज त्याच इमारतीत काचेच्या कपाटात बसले आहे. हँडल गंजलंय, घंटी मात्र शाबूत आहे. भागाकार करताना एक फेरी जास्त झाली की ही घंटी वाजते. मग ती फेरी परत घ्यायची. माझ्याशेजारी एक पिवळा पडलेला कागद ठेवलाय. त्यावर सहीची एक चौकट कोरी आहे. तिच्याचविषयी बोलायचंय.

माझं काम सहसंबंध काढण्याचं. दोन गोष्टी जोडीने वरखाली होतात का, आणि किती, एवढंच मी सांगते. एकीमुळे दुसरी घडते का, हे मला विचारू नका. ते सांगणारं चाक माझ्यात बसवलेलंच नाही.

प्रोफेसर एल्फिकनी गावातल्या दोन शाळांमधल्या दोनशे मुलांची बुद्धीची चाचणी घेतली. एका रकान्यात आईचे गिरणीतले तास, दुसऱ्यात मुलाचे गुण. हेस्टर ओग्डन नावाच्या मुलीने मला तीन दिवस फिरवलं. उत्तर आलं. जिथे आईचे तास जास्त, तिथे मुलाचे गुण कमी, आणि हा संबंध चांगलाच ठळक होता.

प्रोफेसरांनी त्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘आई गिरणीत जाते, म्हणून मूल मंद होते. नगरसभेने गिरणीचे पाळणाघर बंद करावे.’

माझी घंटी वाजली नाही. ती चुकलेल्या फेरीला वाजते, ‘म्हणून’ला नाही.

हेस्टरची थोरली बहीण लीया त्याच गिरणीत चार माग चालवायची. तिचं दीड वर्षाचं बाळ त्याच पाळणाघरात असायचं. पाळणाघर बंद झालं असतं तर लीयाचे मागही गेले असते.

“मिस ग्रिमशॉ, हे ‘म्हणून’ कुठून आलं?” हेस्टरने मुख्य गणकीला विचारलं.

“तुला काय करायचंय, पोरी? तू फिरव.”

“फिरवलं की! यंत्राने ‘आणि’ दिलं, सरांनी ‘म्हणून’ लिहिलं.”

“वीस वर्षं झाली मला इथे. एकदाही विचारलं नाही मी.”

“ते दिसतंच आहे.”

मिस ग्रिमशॉंनी चहाचा कप असा आपटला की बशीत चहा सांडला.

हेस्टरने मग दोनशे कार्डं शाळेप्रमाणे वेगळी केली. एक गठ्ठा टेकडीवरच्या शाळेचा, दुसरा गिरणीच्या भिंतीला लागून असलेल्या शाळेचा. ती स्वतः तिथेच शिकलेली. आईचं काम आणि मुलाचे गुण यांचा सहसंबंध तिने टेकडीच्या गठ्ठ्यापासून काढायला घेतला. तिथे तो उरलाच नाही. गिरणीचा गठ्ठा शेवटच्या भागाकारापर्यंत आला, तोच नगरसभेचे मिस्टर हॉयल अहवाल न्यायला हजर झाले.

आमच्याकडची रीत अशी, की हँडल फिरवणारीची आणि तपासणारीची, दोघींची सही असल्याशिवाय कागद खोलीबाहेर जात नाही. तपासणाऱ्या मिस ग्रिमशॉंची सही झालेली होती.

“कर सही, पोरी,” हॉयल हसून म्हणाले. “गाडी खाली खोळंबलीय.”

“आकड्याखाली करते. या वाक्याखाली नाही.”

“मिस ओग्डन, हा आकडा तुम्हीच काढलात,” प्रोफेसर म्हणाले.

“हो सर, आणि तो बरोबर आहे. पण चाचणीचे प्रश्न मुलांना वाचून कोणी दाखवले?”

“माझ्या सहायकाने. अगदी स्पष्ट वाचतो तो.”

“कागदात तोंड खुपसून! मागांच्या खडखडाटात आमच्या शाळेत कानाने कोणी ऐकत नाही, सर. आम्ही ओठ वाचतो. आमच्या बाई कधी फळ्याकडे तोंड करून बोलल्या नाहीत. त्या पोरांना प्रश्नच पोचले नाहीत. घरी बसणाऱ्या आयांच्या पोरांनाही नाहीत. आणि गिरणीत जाणाऱ्या आया राहतात कुठे? गिरणीपाशीच ना?”

“हा तुमचा तर्क झाला.”

“मग हा शेवटचा भागाकार तुम्हीच करा.” तिने मला त्यांच्यापुढे सरकवलं.

बारा वर्षांत त्यांचा हात माझ्या हँडलला प्रथमच लागला. मऊ होता, घामेजलेला. फिरवत सुटले. कुठे थांबायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. माझी घंटी वाजली.

“एक फेरी जास्त झाली, सर,” हेस्टर म्हणाली. “ती परत घ्या.”

त्यांनी घेतली. माझ्या खिडकीत आकडा उभा राहिला, शून्याला चिकटलेला. गिरणीच्या शाळेतही तो संबंध उरला नव्हता.

“ओग्डन नसेल तर ग्रिमशॉ,” हॉयल म्हणाले. “दोन्ही सह्या यांच्याच चालतील की!”

मिस ग्रिमशॉंनी टाक उचलला. हेस्टरने त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज न काढता ओठ हलवले, मागावरच्या बाया बोलतात तसे: ‘तुम्ही तरी करू नका.’ मिस ग्रिमशॉसुद्धा विणकरणीचीच लेक. त्यांना ते वाचता आलं. टाक दौतीत परत गेला.

“मी सही करणार नाही,” हेस्टर या वेळी मोठ्याने म्हणाली. “त्या ‘म्हणून’खाली कधीच नाही.”

हॉयलनी घड्याळ काढलं आणि न बघताच परत खिशात टाकलं. प्रोफेसर माझ्या खिडकीतल्या आकड्याकडे बघत बसले. मिस ग्रिमशॉंनी कप उचलला, पण प्यायल्या नाहीत. दूरवर गिरणीचे माग खडखडत होते. कागद कोऱ्या चौकटीसकट टेबलावरच राहिला.