दर्ग्याची भिंत शुक्रवारीच का रडायची

सकाळी साडेअकरालाच रांग मशिदीच्या दरवाजाबाहेर पडून सायकल दुरुस्तीच्या दुकानापर्यंत पोचली होती. काही उभे, काही बसलेले, एक म्हातारा तर खाटेसकट आणलेला. मशीद सहाशे वर्षांची. तिच्या अंगणाला लागून एका संताचा दर्गा, दोन्हींच्या मध्ये एकच जाड दगडी भिंत. दर्ग्याच्या बाजूने त्या भिंतीत छातीच्या उंचीवर एक दगडी फूल कोरलेलं आहे. गेले चार शुक्रवार त्या फुलातून पाणी ठिबकत होतं. लोक त्याला संताचे अश्रू म्हणत आणि बाटलीत भरून पीत.

बाटल्या भरण्याचं काम अत्तरवाल्याकडे होतं. महिन्यापूर्वीपर्यंत तो दरवाजात अत्तर विकायचा, म्हणून हे नाव. आता अंगावर शाल आणि आवाजात खर्ज आला होता.

"अश्रू आणि औषध एका अंगात नांदत नाहीत," तो प्रत्येकाला सांगत होता. "दोन दिवस आधी औषध बंद, मग अश्रू. गोळ्या खिशात घेऊन आलात तर संतांनी काय समजायचं? की तुमचा भरवसा कंपाउंडरवर आहे?"

लोक हसले. त्याच्या पायाशी वेताची टोपली होती. तिच्यात गोळ्यांची पाकिटं, बाटल्या, दम्याचे पंप.

"ही रक्तदाबाची आहे," एक गृहस्थ चाचरत म्हणाले. "अगदी लहान आहे हो. अर्धीच घेतो."

"म्हणजे भरवसाही अर्धाच. टाका."

गोळ्या टोपलीत पडल्या.

"आणि गुण आला नाही तर?" मी विचारलं.

"तर औषध मनातून सुटलं नव्हतं." उत्तर तयार होतं. या उत्तराची सोय अशी की, पाणी कधीच खोटं ठरत नाही. खोटा ठरतो तो रोगी.

रांगेत दर्ग्याच्या दगडी जाळीला टेकून एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर अकरा वर्षांची मुलगी. जिने चढून आल्यासारखा मुलीचा श्वास जोरात आणि खोल चालला होता. ओठ सुकलेले. जवळ वाकलं की तिच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता.

"साखरेचा आजार," आई म्हणाली. "दिवसाला चार सुया. परवापासून बंद केल्यात."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"ते म्हणतात जन्मभर घ्यायच्या. जन्मभर म्हणजे किती, हे त्यांनी तिच्याकडे बघून एकदा सांगावं."

बारा वाजून दहा मिनिटांनी मुलीचा बाप आला. गवंडी माणूस. दुसऱ्या गावी कामावर होता, शेजाऱ्याच्या फोनवर तसाच निघालेला. खांद्यावर हत्यारांची पिशवी, कोपरापर्यंत सिमेंट.

"उठ. दवाखान्यात चल."

"पुढे सहाच माणसं आहेत."

"अगं, तिचा श्वास बघ."

"दोन दिवस मीच बघतेय. तुम्ही कुठे होतात? आता उठले तर पोरीनं सोसलं ते फुकट जाईल."

त्याने मुलीला उचलायला हात घातले. तिने डोळे न उघडता जाळी घट्ट धरली. "पप्पा, मला सुई नको."

अत्तरवाल्याच्या दोन स्वयंसेवकांनी त्याला मागे ओढलं. "अहो, बरी होऊ द्या की तिला. बाप आहात की वैरी?"

त्या ओढाताणीत त्याची नजर पहिल्यांदा फुलावर गेली. मग फुलावरून खाली, फरशीपर्यंत. तिथे भिंतीच्या तळाशी तळहाताएवढा करडा डाग होता, सिमेंटचा. 

"हे मीच बुजवलंय," तो म्हणाला.

दीड महिन्यापूर्वी भिंतीची डागडुजी त्यानेच केली होती. गडबड ऐकून म्हातारे इमामसाहेब अंगणातून आले. गवंड्याने विचारलं, "फुलामागे हौज येतो ना?"

"बरोबर मागे. ओट्यावर. शुक्रवारी नमाजाआधी हातपाय धुवायला काठोकाठ भरतो, एरवी अर्धा." इमामसाहेबांनी अत्तरवाल्याकडे पाहिलं. "हा दर शुक्रवारी विचारून जातो, नळ किती वाजता सोडणार."

"हौजाच्या काठाला चीर असणार. पाणी भिंतीच्या पोटात उतरतं. बांधणाऱ्यांनी ते खालून जायला वाट ठेवली होती. मला वाटलं, उंदराचं बीळ. मी सिमेंट भरलं."  एवढ्या लोकांसमोर हे कबूल केल्यावर त्याला काम कोण देणार, हे त्यालाही कळत होतं. "आता पाणी आतल्या आत वर चढतं आणि फुलातून सुटतं."

"संतांच्या घराला छिन्नी लावशील?" अत्तरवाला उभा राहिला. "पोर हातची जाईल."

"फोड रे," इमामसाहेब म्हणाले. "इथे येऊन दुवा मागावी, रडावं, मन मोकळं करावं. औषध फेका असं इथे कुणी शिकवलेलं नाही. चार शुक्रवार सांगतोय, ऐकतंय कोण."

सातव्या घावाला सिमेंटचा गोळा निघाला. शेवाळाचा वास येणारं गढूळ पाणी फरशीवर आलं. फुलाची धार मंदावली आणि थांबली.

मला वाटलं, संपलं. तेवढ्यात रांगेतली पहिली बाई वाकली आणि तिने बाटली खालच्या भोकाला लावली.

"बघा," अत्तरवाल्याने लगेच धागा पकडला, "संत तुमच्या पायाशी आले."

लोक पुढे रेटले. गवंडी ओल्या फरशीवर बायकोसमोर गुडघ्यांवर बसला.

"त्यांना भरू दे. तू फक्त इकडे बघ."

त्याने पोत्याचा बोळा भोकात कोंबला. एक मिनिट गेलं, दोन गेली. चौथ्या मिनिटाला फुलाच्या पाकळीवर थेंब लोंबला. त्याने बोळा काढला, फूल सुकलं. पुन्हा कोंबला. पुन्हा थेंब.

"माझ्या बोळ्यानं येतात आणि जातात, ते अश्रू संतांचे कसे गं?"

 आईने जाळीवरचं मुलीचं एकेक बोट सोडवलं आणि तिला नवऱ्याच्या हातात दिलं. ती दोघं दरवाजाकडे धावली. रांगेने वाट करून दिली. रक्तदाबवाले गृहस्थ टोपलीत हात घालून आपलं पाकीट शोधू लागले. मग आणखी काही हात आले. सगळे नाही.

मुलगी तीन दिवस अतिदक्षता विभागात होती. वाचली. डॉक्टर म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मला काही करता आलं नसतं. खाटेवरच्या म्हाताऱ्याचं काय झालं, ते मला शोधूनही कळलं नाही. तो बाटली भरून घेऊन गेला होता.

ही मशीद आणि हा दर्गा जरूर पाहा. दर्ग्यात बसा, मागायचं ते मागा. पण कुठेही नवल दिसलं, तर हात जोडण्याआधी विचारा की हे नेमकं कधी घडतं, आणि तेव्हा भिंतीपलीकडे काय चाललेलं असतं. आणि औषध घरी ठेवू नका. वेळ झाली की तिथेच पायरीवर बसून घ्या.