दोन जावांचा बेसबॉल

मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे, मित्रांनो, व्हिडिओ गेमची. राखाडी प्लास्टिकचा तळहाताएवढा चौकोन, त्यात एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर दोन काळ्या चिप. माझ्या अंगावर बॅट उगारलेल्या खेळाडूचं चित्र होतं, त्याची आता टोपी तेवढी उरली आहे. हल्ली मला फार बोलवत नाही, म्हणून थोडक्यात सांगते.

एका लांबलचक कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे स्क्रू आवळले. पोटात बेसबॉलचं अख्खं मैदान भरलं. खेळाडू बुटके, चौकटीचौकटींचे. धावताना त्यांचे पाय दोनच प्रकारे हलत. पण त्या काळी मुलांना तेवढं पुरत असे. एका गृहस्थांनी मला आपल्या मुलीसाठी विकत घेतलं. दोन वर्षं तिने मला खेळून खेळून पिदडलं. मग दुसरी कॅसेट आली आणि मी टीव्हीखालच्या कप्प्यात गेले.

त्या घरात दोन भाऊ राहत. त्यांच्या बायका, म्हणजे दोघी जावा, चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण होतं सासूबाईंचं शिलाई मशीन. सासूबाई गेल्या, त्याच आठवड्यात थोरलीने ते कुणाला न विचारता आपल्या खोलीत नेलं. शिवणकाम दोघींना येई, मशीन एकच. तेव्हापासून निरोप थोरलीच्या मुलीमार्फत जात. ‘तुझ्या काकूला सांग’ आणि ‘तुझ्या आईला सांग’ यांत त्या पोरीचा घसा कोरडा पडे.

थोरली शाळेचे गणवेश शिवायची. एका सकाळी कापड कापता कापता तिच्या हातातून कात्री गळून पडली. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. महिन्याभराने पाय सावरला, हात मात्र लोळागोळाच राहिला. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा, नाहीतर हा हात कायमचा गेला असं समजा. मुलीने मला कप्प्यातून काढलं, कंट्रोलर आईच्या मांडीवर ठेवला आणि ती शाळेला गेली.

थोरलीची बोटं बटणापर्यंत पोचेस्तोवर चेंडू निघून गेलेला असे. माझ्या पोटातला संघ तिला रोज हरवी. मला दया करता येत नाही, मित्रांनो, तशी माझी घडणच नाही. ती रडत नसे, पण पडद्याकडे पाठ करून बसे.

एके दुपारी धाकटी वाळलेले कपडे घेऊन दारावरून चालली होती. ती थांबली. बराच वेळ बघत राहिली.

“चेंडू येऊ द्या आधी,” ती म्हणाली. “मग दाबा.”

चार वर्षांतलं ते पहिलं वाक्य. थोरलीने मान वळवली नाही.

“बोटं ऐकत नाहीत.”

धाकटीने कपडे खुर्चीवर टाकले आणि दुसरा कंट्रोलर उचलला. “सरका जरा. मी टाकते चेंडू.”

त्या दिवसापासून दुपारचं जेवण उरकलं की दोघी माझ्यासमोर बसू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात थोरलीची बॅट चेंडूला लागली. मग वरचेवर लागू लागली. तिला शंका आली.

“मुद्दाम हळू टाकतेस ना गं?”

“छे. तुम्हीच सुधारलात, जाऊबाई.”

साफ खोटं. खालचं बटण दाबून धरलं की चेंडू हळू येतो, हे माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक? पण मी कशाला चहाडी करू?

एकदा ऐन रंगात आलेला डाव थोरलीने थांबवला. माझी माणसं जागच्या जागी गोठली.

“मशीन मी उचललं, ते चुकलंच माझं,” ती म्हणाली. “तुलाही हवं होतं, मला माहीत होतं.”

धाकटीने थांबलेला डाव पुन्हा सुरू केला. मग म्हणाली, “खेळा आता. तुमची पाळी आहे.”

पुढच्या आठवड्यात मशीन मधल्या खोलीत आलं. थोरलीच्या हाताला कात्री पुन्हा कधी पेलली नाही, पण खडू धरण्याइतकी ताकद आली. ती मापं घेई, कापडावर खुणा करी. धाकटी कापी आणि शिवी. काम वाढलं, दुपारी रिकाम्या राहिनात. एक दिवस मला पत्र्याच्या डब्यात ठेवलं गेलं. वाईट वाटलं, पण कुणाच्या उपयोगी पडल्यावर रुसायचं तरी कोणत्या तोंडाने?

डब्यात किती वर्षं गेली, कळलं नाही. दमट हवेने माझ्या पितळी पट्ट्या गंजल्या. झाकण उघडलं तेव्हा थोरली वारली होती. तिची मुलगी खोली आवरत होती. तिने मला जुन्या वायरींबरोबर पोत्यात टाकलं. काकूने पोत्यात हात घालून मला बाहेर काढलं.

“काकू, भंगार आहे ते.”

“असू दे. तुझी आई याच्यावर हात हलवायला शिकली.”

मुलगी खाली बसली. कंट्रोलर तिनेच दिला होता, पण दुपारी ती शाळेत असे; एवढी वर्षं तिला वाटत होतं की आईचा हात औषधांनीच सुधारला. काकूने तिला त्या दुपारांची सगळी हकिगत सांगितली, हळू टाकलेल्या चेंडूंसकट. दुरुस्तीवाल्याकडे मला नेलं ते त्या मुलीनेच. त्याने स्पिरिटच्या बोळ्याने गंज काढला आणि बजावलं, “सुरू होत नाही म्हणून तोंडाने फुंकू नका. वाफेनेच हे गंजतं.”

आता मी चालते, पण धाप लागते. अक्षरं फुटतात, मधेच मैदान थरथरतं. रविवारी काकू-पुतणी अर्धा डाव खेळतात आणि मला निजवतात. तेवढं झेपतं.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना कोरड्या फडक्याने पुसत जा, ओलीपासून जपा. आणि एखादीला टाकायचंच ठरलं, तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही कुणाच्या उपयोगी पडली होती. उत्तर ऐकून घ्या. मग खुशाल टाका.