रिळाच्या मुठीचं झाकण

मित्रांनो, मी एक झाकण आहे. जुनं आहे हे वेगळं सांगायला नको, माझ्या अंगावरचे पोचे तुम्हाला दिसतातच. आपली कहाणी सांगायचा मान सहसा घड्याळांना, किल्ल्यांना आणि मोठमोठ्या झाडांना मिळतो. झाकणाची आठवण लोकांना होते ती फक्त ते सापडत नसतं तेव्हा.

मला पत्र्याची भांडी करणाऱ्या एका कारागिरानं ठोकून घडवलं. घडवता घडवता तो शेजारच्या दुकानदाराशी भांडत होता. भांडण रंगात आलं आणि शेवटचा ठोका जरा जोरात बसला. माझी कड एका जागी किंचित उचलली गेली. "चालतंय की," असं म्हणून त्यानं मला ढिगात टाकलं. माझं बालपण तिथंच संपलं.

त्या ढिगातून मला मालकीणबाईंनी उचललं. त्यांचा संसार तेव्हा नवा होता आणि त्यांच्या खोलगट तव्याला झाकण नव्हतं. पहिल्याच वर्षी माझी मूठ गळून पडली. "बघतो रविवारी," मालक म्हणाले. असे पुष्कळ रविवार आले आणि जेवून झोपले. शेवटी बाईंनीच दोऱ्याचं एक रिकामं लाकडी रीळ घेतलं, त्यातून स्क्रू घातला आणि ते माझ्या डोक्यावर आवळून बसवलं. ती मूठ आजतागायत हललेली नाही.

आमच्या घरची खासियत म्हणजे पुरचुंड्या. हे नाव लेकीनं लहानपणी ठेवलेलं. पातळ लाटलेल्या पारीत कोबी, कांद्याची पात आणि आल्याचं सारण भरायचं, कडेला बारीक मुरड घालायची, आणि तापल्या तेलावर एकेक पुरचुंडी बूड टेकवून बसवायची. बूड तांबूस झालं की वरून वाटीभर पाणी. पाणी पडताच तवा असा काही खवळतो की पाहुणे दचकून मागे सरतात. तेवढ्यात मला वर ठेवायचं.

इथून पुढचा कारभार माझा. माझ्याखाली काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही, ते ऐकावं लागतं. आत पाणी असेपर्यंत वाफ मला उचलत राहते आणि त्या वाकड्या कडेवर मी थडथड वाजतो. पाणी आटलं की मी गप्प होतो. मग खालून तेलाची बारीक चुरचुर सुरू होते. मी गप्प झाल्यावर आणि चुरचुर वाढण्याआधी मला उचलायचं. लवकर उचललं तर पुरचुंड्या कच्च्या राहतात आणि उशीर झाला तर कोळसा होतो. बाई पलीकडच्या खोलीत लेकीची वेणी घालत असल्या तरी तो क्षण त्यांना कळायचा. अर्धी वेणी तशीच सोडून त्या धावत यायच्या. लेक शाळेत बऱ्याचदा एकाच वेणीनं गेली आहे.

लेक मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. आणि एके दिवशी मी गप्प झालो, तरी बाई आल्या नाहीत.

पुरचुंड्या करपल्या. "लक्ष कुठंय तुझं?" मालक म्हणाले. दुसऱ्यांदा करपल्या तेव्हाही तेच म्हणाले. तिसऱ्या खेपेला बाई ओट्यापासून हलल्याच नाहीत. त्यांनी दोन बोटं माझ्या रिळावर टेकवली. मला वाटलं, स्क्रू ढिला झालाय का ते बघताहेत. पण बोटं तिथंच राहिली. मी थडथडत होतो तोवर ती स्थिर होती. मी गप्प झालो तशी ती लगेच आवळली आणि मला उचललं. खाली पुरचुंड्या सोन्यासारख्या.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बाईंना आता ऐकू येत नव्हतं. घरात ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, त्यांना आणि मला. मला वाचा नव्हती, आणि त्यांना सांगायचं नव्हतं.

एरवी त्या समोरच्याचे ओठ बघून निभावून न्यायच्या. पंचाईत व्हायची मालकांशी. मालक तिकीटखिडकीवर कारकून होते. समोरच्याचं तोंड न बघता बोलण्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर खिडकीची जागा वर्तमानपत्रानं घेतली. पेपराआडून काही पुटपुटलेलं जाणवलं की बाई अंदाजानं "हो" म्हणायच्या. या "हो"च्या जोरावर दीर महिनाभर राहून गेले आणि घराच्या भिंती पोपटी झाल्या. मालक बेहद्द खूश. लेकीला फोनवर म्हणाले, "तुझी आई उतारवयात समजूतदार झालीय हो! एका शब्दानं विरोध करत नाही."

मग घरात काचेचं झाकण आलं. देखणं होतं, खोटं कशाला बोलू? कडेला रबर, त्यामुळे वाजणं नाही. मूठ मऊ, त्यामुळे चटका नाही. मालक पेपराआडून म्हणाले, "अगं, ते जुनं झाकण काढून टाकू ना?"

"हो," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, तो "हो" का आला हे मला कळत होतं. तरी लागलं.

माझी रवानगी मागच्या गॅलरीत, ओल्या कचऱ्याच्या बादलीवर झाली. कचऱ्याचं खातं मालकांचं, बाई तिकडे फिरकत नसत. तिथून स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओटा दिसायचा. काचेच्या झाकणाला आतून वाफेचा पडदा धरायचा. बाई त्या मऊ मुठीवर बोटं टेकवायच्या, पण तिला कसली थरथर आणि कसलं काय! रोज काहीतरी करपू लागलं. शेवटी मालकांनी लेकीला फोन लावला. "आईचं लक्ष राहत नाही. एखाद्या दिवशी घर पेटवेल. गॅस बंद करू आणि डबा लावू. तू एकदा येऊन जा."

लेक आली. बाईंना न सांगताही सगळं कळलं होतं. तिच्यासमोर पुरचुंड्या नीट उतरल्या नाहीत, तर आपला ओटा गेला. त्या पदर खोचून उभ्या राहिल्या. मुरड घातली, आणि पुन्हा एकदा मला शोधू लागल्या. मांडणी, फळी, ओट्याखालचा कप्पा, सगळं धुंडाळलं. मी गॅलरीत बादलीवर बसून सगळं बघत होतो. इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं.

"अहो, माझं झाकण कुठंय?"

"तूच टाकायला सांगितलंस ना!" मालक पेपरातून म्हणाले.

बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "काय म्हणालात?"

"अगं, तूच तर हो म्हणालीस!"

बाईंचा चेहरा उतरला. त्या ओट्याशी परतल्या, पुरचुंड्या तेलावर बसवल्या, पाणी ओतलं आणि काचेचं झाकण ठेवलं. वाफ धरली. थोड्या वेळानं वास सुटला.

लेक त्यांच्या मागेच उभी होती. "आई, करपतंय."

बाई काचेकडे बघत राहिल्या.

"आई!"

"बघितलंस?" मालक म्हणाले. "लक्षच नसतं."

"बाबा, जरा गप्प बसता का?" लेकीनं पुढे होऊन गॅस बंद केला आणि आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आई, कधीपासून?"

"काय कधीपासून? आच मोठी झाली जरा, बाकी काही नाही."

"आई."

बाईंनी पदराला हात पुसला, पुन्हा पुसला. "तुझ्या आजीचं असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "शेवटी तिच्याशी कुणी बोलेनाच. बोललं तर ओरडून. ओरडताना माणसं चिडायची. आवाज तिला यायचा नाही, चिडलेलं तोंड मात्र बरोबर दिसायचं. त्यापेक्षा म्हटलं, वेंधळी म्हणाले तर म्हणोत."

बाबांना विचारून लेक गॅलरीत आली, मला बादलीवरून उचललं आणि इतकं घासलं की माझे पोचेसुद्धा चमकले. दुसरा घाणा बसला. पाणी पडलं, मी वर बसलो. बाईंनी लेकीची बोटं रिळावर ठेवली आणि त्यांवर आपली.

"थडथड कळतेय?"

लेकीनं मान डोलावली.

"थांब. अजून थांब. आता!"

त्या पुरचुंड्या कशा झाल्या ते मी सांगणं बरं दिसणार नाही.

"बाबा, इकडे या," लेक म्हणाली. "आईसमोर उभे राहा आणि मग बोला."

मालक पेपर ठेवून आले. बायकोकडे इतकं सरळ बघायची सवय राहिली नव्हती, त्यामुळे आधी त्यांनी उगीच सदरा नीट केला. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून त्यांनी विचारलं, "डबा लावायचा का?"

बाई त्यांच्या ओठांकडे बघत होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "आणि हा पोपटी रंगही मला नकोय."

मित्रांनो, यानं सगळं ठीक झालं असं समजू नका. गेलेले कान परत आलेले नाहीत. मालक दोन दिवस समोर येऊन बोलले, तिसऱ्या दिवशी पुन्हा पेपराआड गेले. आता बाई पिठाच्या बोटानं पेपर खाली करतात आणि "पुन्हा सांगा" म्हणतात, एवढाच फरक. कानाचं यंत्र येणार आहे म्हणे. ते आलं की माझं काम संपेल. संपू दे. पण तोवर माझी कड कुणी ठोकून सरळ करू नका. आणि घरात कुणी प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणायला लागलं, तर खूश होऊ नका. उठा, समोर जा आणि पुन्हा एकदा विचारा.