एका बटणाची दोन कामे

ज्या वर्षी ताईंच्या धाकट्या भावाचे लग्न झाले, त्या वर्षी मला खोक्यातून काढून हॉस्पिटलच्या रक्तपेढीत, रक्ताच्या मागण्या नोंदवणाऱ्या या ताईंच्या टेबलावर ठेवले. मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझी निम्मी अक्षरे पुसली गेली आहेत, पण त्या खोलीत बसलेली धास्ती अजून गेलेली नाही.

वॉर्डातून चिठ्ठी आली की ताई रुग्णाचे नाव, रक्तगट आणि किती पिशव्या हव्यात ते एका बोटाने माझ्यावर टाइप करत. मागणी पडद्यावरच्या यादीत चढे आणि पुढची चढेपर्यंत तीच निवडलेली राही. यादी पाहून आतला तंत्रज्ञ रक्त तयार करी. यादीत नाव नाही, तर रक्त नाही. हा प्रोग्राम भावानेच हौसेने लिहून दिला होता. काम झटपट व्हावे म्हणून त्याने माझ्या बटणांना कामे वाटून दिली होती. डिलीट दाबले की यादीत निवडलेली मागणी रद्द होई.

भावाने प्रोग्राम माझ्यावरच तपासला. त्याची दहाही बोटे चालत आणि अक्षर कधी चुकत नसे. तिथेच घोटाळा झाला. ताई दर तिसऱ्या अक्षराला चुकत. माझे मागचे अक्षर खोडायचे बटण चहा सांडून कायमचे बसले होते, म्हणून त्या बाण दाबत चुकलेल्या अक्षराच्या आधी जात आणि ते डिलीटने खोडत. मी दाब एकच पाठवी. पण तो लिहायच्या चौकटीलाही पोचे आणि यादीलाही. चौकटीतले अक्षर जाई, आणि वर यादीतले एक नावही गुपचूप जाई.

हे मला दिसे, पण सांगता येत नसे. ताईंचे बोट डिलीटकडे वळले की माझ्या अंगावर काटा येई.

वॉर्डातून तक्रारी येऊ लागल्या. ताईंनी भावाला बोलावले.

"मी नाव टाकते आणि ते जातं रे. एखाद्याचा जीव जाईल. मला भीती वाटते."

भाऊ हसला. "ताई, तू टाइप करत नाहीस, कीबोर्डला टोचतेस. लागलं असेल बोट कुठंतरी."

तंत्रज्ञाने तर चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितले. ताईंचे बोट भीतीने कापू लागले. बोट कापे म्हणून चुका वाढल्या, आणि चुका वाढल्या म्हणून डिलीटही वाढले.

एका मंगळवारी सकाळी नऊला शिंपीकाकांची चिठ्ठी आली. हॉस्पिटलच्या चादरी शिवणारे हे काका पोटात रक्तस्राव होऊन वॉर्डात पडले होते. ताईंनी त्यांचे नाव दोनदा वाचून नोंदवले. पुढच्या रुग्णाचे नाव लिहिताना अक्षर चुकले. बाण, बाण. मी सगळा जोर लावून डिलीटचे बटण अडवून धरू पाहिले, पण ते अडले नाही. काकांचे नाव यादीतून गेले.

साडेअकराला सिस्टर धावत आली. "ताई, रक्त कुठं अडलंय? काका पांढरे पडलेत."

ताईंनी यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. "मी टाकलं होतं गं," एवढेच त्या म्हणाल्या. तंत्रज्ञ रक्त जुळवायला आत पळाला.

संध्याकाळी भाऊ आला. या वेळी तो हसला नाही. "तू रोज करतेस तसंच करून दाखव," म्हणत तो ताईंच्या मागे उभा राहिला. चौकटीतले अक्षर गेले, वर एक नाव गेले.

"ताई, चूक माझी आहे."

त्याने प्रोग्राम बदलला. आता बटण दाबले की आधी पाहायचे, माणूस चौकटीत लिहितो आहे का. लिहीत असेल, तर तो दाब चौकटीपाशीच थांबवायचा. आणि मागणी रद्द करण्याआधी विचारायचे. चार ओळींचे काम होते.

मित्रांनो, वस्तू नीट वापरा, आमची धूळ पुसा. पण कोणी घाबरून म्हणाले की मी हे केले नाही, तर हसण्याआधी त्याच्या मागे उभे राहून एकदा नीट बघा. शिंपीकाका त्या मंगळवारी दुपारी सव्वाबारा वाजता वारले. रक्ताची पिशवी तेव्हा जिन्यात होती.